साडेतीन किलोवॅटचा अपमान

"साडेतीन," स्टोव्हवाला म्हणाला आणि त्याची मोजपट्टी खटकन मिटली.

मी आठ किलोवॅटचा लाकडाचा स्टोव्ह मागितला होता. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या तीन हिवाळ्यांनंतर मला दहासुद्धा चालले असते. आमचं घर म्हणजे व्हिक्टोरियन काळातली चाळच, भिंतीला भिंत लागलेली. बैठकीच्या खोलीत जुनी शेकोटीची जागा आणि वर धुराडं. त्या जागेत बंद काचेचा इनसेट, म्हणजे शेकोटीच्या खाचेत सरकवायचा स्टोव्ह, बसवायचा, इतकंच आमचं ठरलं होतं. "आठचा मी तुम्हाला विकणारच नाही," असंही तो वर म्हणाला.

विकणार नाही? आपल्याकडे दुकानदार म्हणतो, "ताई, थोडे पैसे वाढवा, वरचं मॉडेल घ्या." हा माणूस मला खालचं मॉडेल घ्यायला लावत होता! खरं सांगते, मनात पहिल्यांदा हेच आलं की याला वाटतंय, यांना परवडणार नाही. परदेशात राहिलं की हा एक कायमचा खवखवणारा दात होतो. समोरचा काही म्हणाला की आधी जीभ तिथेच जाते.

त्याने खिशातल्या लिफाफ्याच्या मागे गणित मांडलं. खोली चार मीटर बाय साडेचार, उंची 2.7. गुणाकार 48.6. त्याला 14 ने भागायचं, भिंती बेताच्या ऊब धरणाऱ्या असतील तर. उत्तर साडेतीनच्या आसपास. अंदाजाचा हिशेब आहे, पण स्टोव्हवाले इथूनच सुरुवात करतात.

"मोठा घेऊन कमी आचेवर चालवीन की," मी म्हटलं. आजीच्या चुलीपुढे बालपण गेलंय माझं, मला आच शिकवतोय! तर तो म्हणाला, कमी कशी करणार? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. चुलीची आच कमी करायची तर आजी लाकूड मागे ओढायची, फार तर वैलावर भांडं सरकवायची. या पेटीत लाकूड एकदा आत गेलं की गेलं. आच कमी करायला फक्त हवा आवळता येते, आणि हवा आवळली की लाकूड जळत नाही, धुमसतं. काच काळी पडते, धुराड्यात डांबरासारखा थर साचतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. म्हणून लहान स्टोव्ह घ्यायचा आणि तो खणखणीत जाळायचा. वर पाच किलोवॅटच्या पुढे गेलं तर आमच्यासारख्या जुन्या घराला बाहेरची हवा येण्यासाठी भिंतीत कायमचं उघडं भोक पाडावं लागतं. पहिला हिवाळा आम्ही फटींत चिंध्या कोंबण्यात घालवलाय.

जुन्या जाळीवर उघडी शेकोटी का नाही पेटवली, असं बहिणीने फोनवर विचारलं. एक तर त्यातली बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. दुसरं म्हणजे आमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या भागात, येतो. इथे लाकूड जाळायचं तर सरकारमान्य यादीतल्या स्टोव्हमध्येच, नाहीतर धुरासाठी 300 पौंडांपर्यंत दंड. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं, हजारो माणसं गेली, आणि 1956 मध्ये क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. शेदोनशे वर्षं जगभराचा कोळसा जाळून झाल्यावर यांना शहाणपण सुचलं, असं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, सुचलं तरी. मी विषय बदलला.

नवऱ्याला चार पायांवर उभा राहणारा स्टोव्ह हवा होता, वर किटली ठेवता येते म्हणून. पण त्यासाठी भिंत फोडून जागा मोठी करावी लागली असती. आमच्या शेकोटीचं तोंड इथल्या ठरावीक मापाचं, 16 इंच रुंद आणि 22 इंच उंच. त्यात सरळ सरकणारा इनसेट मिळतो. उष्णता मुख्यतः समोरूनच मिळते, हे खरं. मनासारखी काच असलेला साडेतीनचा मिळेना, म्हणून चारचा घेतला. तेवढा अर्धा किलोवॅट मी पदरात पाडून घेतलाच.

आणि मग धुराडं. वर कॅमेरा सोडला तर पडद्यावर नुसत्या काटक्या. जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचा लहान भाऊ, कधीकाळी संसार मांडून गेला होता. दोन पोती काटक्या, लोकरीचे पुंजके आणि आइस्क्रीमची एक काडी निघाली. मग आत पाच इंची स्टीलचा लायनर, म्हणजे धूर वर नेणारा पाइप, सोडला, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. स्टोव्हपेक्षा जास्त पैसे या सगळ्याला गेले. आकडा सांगत नाही, आई वाचते.

सरपणाच्या बाबतीत मात्र मी ताठ होते. ओळखीच्यांनी वसंतात पाडलेल्या चेरीचे ओंडके फुकट दिले होते. दोन ओंडके एकमेकांवर आपटून मी स्टोव्हवाल्याला आवाज ऐकवला, आजी करायची तसा. टणटण. वाळलंय. त्याने काही न बोलता एक ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडला आणि ताज्या फाकेत ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन टाचण्या खुपसल्या. 31 टक्के. इथे 20 टक्क्यांच्या आत लागतं. आजीचं चुकलं असं नाही, तिचं सरपण दोन उन्हाळे छपरावर तापलेलं असायचं. या देशात ऊन आणायचं कुठून? चेरी आता परसात छपराखाली रचून ठेवलीय, निदान वर्षभर तरी तशीच राहील.

सेंट्रल हीटिंग असताना हे थेर कशाला, असं तुम्ही म्हणणारच. बारीक धूर घरात येतो, दार उघडलं की येतोच, माहीत आहे मला. घरात दमेकरी असता तर नसता घेतला. आम्ही शनिवार-रविवारीच पेटवतो. बहुतेक.

पहिले दोन-तीन जाळ बारीक करायचे असतात, रंग भाजतो आणि घरभर वास सुटतो. चौथ्या दिवशी पहिल्यांदा नीट पेटवला. मोठे ओंडके खाली, ढलप्या वर, जाळ वरून खाली उतरत जाणारा, म्हणजे बंबाच्या बरोब्बर उलटा. तासाभरात मी स्वेटर काढला. दीड तासाने नवऱ्याने उठून खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

तो माणूस पुढच्या सप्टेंबरात काजळी काढायला येणार आहे. खिडकीचं त्याला सांगायचं नाही, असं घरात ठरलंय.