गुलाबी पाणी एक्झॉस्टमधून आलं, पण ब्लॉकमध्ये गेलंच नव्हतं

मी कॅनडात ओंटारियोमध्ये लेक सिमकोच्या काठी बोट मेकॅनिक आहे. मूळचा रत्नागिरीचा, मिरकरवाड्याला काकांच्या ट्रॉलरचं इंजिन खोलता खोलता हात बसला. तिकडे बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा, बर्फाने इंजिन फुटतं हे इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं. इथे थंडीत आख्खं तळं गोठतं, लोक त्यावर झोपड्या टाकून भोकातून मासे धरतात.

मे महिन्यातली गोष्ट, व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड तोंडावर आलेला, सगळ्यांना बोट पाण्यात टाकायची घाई. एक आजोबा आले, 4.3 लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, म्हणाले फक्त ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात तो इंजिनचा मुख्य ठोकळा, बघून दे, विंटरचं काम, म्हणजे थंडीत इंजिन गोठू नये म्हणून करायची तयारी, मी स्वतः केलंय, शनिवारी नातवंडांना घेऊन जायचंय.

या इंजिनांना गाडीसारखा बंद रेडिएटर नसतो, तळ्याचंच पाणी आत ओढून ब्लॉकमधून फिरवतात आणि एक्झॉस्टमधून बाहेर टाकतात. ते पाणी आत राहिलं आणि गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, आणि ब्लॉकचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, काही वाकत नाही, तडकतं. कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांत ठोकलेल्या धातूच्या चकत्या, उडून ब्लॉक वाचतो असं बरेच जण समजतात पण त्याचा काही भरवसा नाही, प्लग जागच्या जागी आणि ब्लॉक फुटलेला असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

बाहेरून सगळं छान होतं. टॉर्च आणि आरसा घेऊन एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या जाड नळ्यांच्या) खालून, मोटर माउंटच्या मागून बघितलं, रंगसुद्धा फुटला नव्हता. डिपस्टिकवर ऑइल एकदम स्वच्छ, दुधाळ वगैरे काही नाही. फक्त लेव्हल फुल मार्कच्या बोटभर वर होती. आजोबा म्हणाले मीच जास्त ओतलं असेल. आता खरं सांगतो, घाईच्या दिवसांत इथे हो म्हणून चावी फिरवायचा मोह होतो. पण हिवाळ्यानंतर चालूच न केलेल्या इंजिनात ऑइल दुधाळ होणार कसं? ते घुसळलं की दुधाळ होतं, नुसतं पाणी असेल तर ते जड, ते खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं आणि वर ऑइल तरंगतं. म्हणून बारीक नळी डिपस्टिकच्या पाइपातून पार तळाला घातली आणि पंपाने ओढलं. आधी आलं ते पाणी. गंजाचं, तांबूस. गुलाबी नाही.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण आजोबांनी हिवाळ्याआधी गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, घातलं होतं, ते बाटलीवर -50 लिहिलेलं असतं ते. बादलीतून इंजिनला ओढायला लावलं, एक्झॉस्टमधून गुलाबी यायला लागलं तसं बंद केलं. पण इंजिन थंड होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी झडप, 71 अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो, तोपर्यंत बाहेरून आलेलं पाणी ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून निघून जातं, म्हणजे ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी तसंच, आख्खा हिवाळा.

ब्लॉकचे ड्रेन प्लग काढले तर डावीकडून थेंब नाही, तार घालून खरवडलं तेव्हा गाळ आणि मग तेच तांबूस पाणी.

मग प्रेशर टेस्ट. सगळे होज रबराच्या बुचांनी बंद केले, एकातून 15 पौंड दाबाची हवा भरली. पाच मिनिटांत काटा 9 वर. आधी स्वतःच्याच बुचांवर साबणाचं पाणी मारलं, एकही बुडबुडा नाही. मग ऑइल फिलरचं झाकण काढून कान लावला आणि आतून बारीक सूं सूं आवाज. इंजिनच्या वरचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवलं, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या मध्ये जिथे टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे तुकडे) बसतात त्या खाचेत केसाएवढी चीर, वीतभर लांब, ऑइलचे बुडबुडे येत होते.

आजोबांनी विचारलं वेल्डिंग होईल का. तिथे बीडाचं वेल्डिंग टिकेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो, स्पष्ट सांगितलं. ब्लॉकच बदलायला हवा, आणि खर्च बोटीच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात होता. ते थोडा वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले परत हवा भर, मला ऐकायचंय. कान लावून ऐकलं आणि तिथूनच मुलीला फोन केला की शनिवारचं जमणार नाही. त्यांनी आळस केला असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं, पण माणसाने मन लावून काम केलं होतं.

ऑक्टोबरात ते स्वतः आले, नवीन ब्लॉकवाली बोट घेऊन. या वेळी आधी ड्रेन प्लग काढायचे, अँटीफ्रीझ नंतर. उजवीकडून पाणी धो धो आलं, डावीकडून थांबत थांबत, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली तार मागून घेतली.