आमची वाटचाल : बेरीज जुळली पाहिजे

दुकानाची पाटी अजूनही 'झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन' अशीच आहे, बदलायची राहून गेली. काम आता जुन्या वह्या आणि कागद स्कॅन करून जपायचं. लॅमिनेशन तर आम्ही कधीच बंद केलं, आणि कुणी आजोबांचा जुना दस्त घेऊन "एवढं लॅमिनेट करून द्या" म्हणत आला तर मी त्याला खुर्चीत बसवतो, चहा पाजतो आणि परत पाठवतो. गरम प्लास्टिकमध्ये एकदा कागद अडकला की तो निघत नाही, आतल्या आत पिवळा पडून कुजतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

सुरुवात २००९ ची. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात दहा बाय बाराचा गाळा, मी आणि माझा पार्टनर, एक झेरॉक्स मशीन, एक फ्लॅटबेड स्कॅनर. दोघं शाळेपासूनचे मित्र. तो वालचंदला डिप्लोमा करून बसलेला, हातात कला, मला हिशेब जमायचा. पहिल्याच पावसाळ्यात हळदीचे एक जुने अडते आले, पेठेत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, काखेत लाल कापडी बांधणीची लांबडी वही. आजोबांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोडीतली. "हिची झेरॉक्स काढून दे." मी वही मशीनवर उलटी घातली आणि वरनं दाबणार तेवढ्यात पार्टनरनं हात धरला. शिवण कट्कन बोलली होती. तो म्हणाला, अण्णा, ही वही सपाट केली की मोडणार, आठ दिवस द्या.

आठ दिवसात त्यानं प्लायवूडची व्ही आकाराची पाळणी बनवली. वही तिच्यात पाठ टेकून अर्धवट उघडी बसते, साधारण शंभर अंशाचा कोन, वरनं अ‍ॅक्रिलिकची तशीच व्ही खाली येते आणि दोन बाजूंनी दोन कॅमेरे एकेक पान टिपतात. कॅमेरे सेकंडहँड, ट्रायपॉड लग्नाच्या फोटोवाल्याकडून भाड्यानं. प्लायचे कोपरे त्यानं पॉलिश पेपरनं इतके घासले होते की आजही बोट फिरवलं तर कुठं अडकत नाही. आता आमच्याकडे वरनंच पान टिपणारा तयार ओव्हरहेड स्कॅनर आहे, पण नाजूक शिवणीची वही आली की ती पाळणीच बाहेर काढतो. ह्या धंद्यातल्यांना सांगायला नको की ज्यात कागद आत ओढला जातो तो फीडर जुन्या वहीसाठी मशीन नाही, खाटीकखाना आहे.

तर अण्णांना आम्ही सीडी दिली. ब्लॅक अँड व्हाईट, ३०० डीपीआय म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, फाइल कशी छोटी आणि चकाचक. चौथ्या दिवशी अण्णा दारात. "बेरीज जुळत नाही."

म्हटलं कसली बेरीज? तर ह्या माणसानं रात्री बसून आजोबांच्या चौदा पानांच्या बेरजा मारल्या होत्या. तेराव्या पानावर एक आणा कमी.

ज्यांनी जुन्या वह्या बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रुपयाचे सोळा आणे, आणि आणे आकड्यात लिहीत नसत, रेघांनी लिहीत. उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी रेघ म्हणजे एक आणा, दोन आडव्या दोन आणे, तीन आडव्या तीन. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तोवर सगळा हिशेब ह्या रेघांवर. आता बोरूनं ओढलेली आडवी रेघ, शाई संपत आलेली, फिकी तपकिरी. ब्लॅक अँड व्हाईट स्कॅनरला प्रत्येक ठिपक्याचा निकाल लावायचा असतो, काळा की पांढरा. त्यानं ती रेघ पांढऱ्यात टाकली. आणा गेला. बरं बघणाऱ्याला काही कळतही नाही, कारण पान तर मुळापेक्षा स्वच्छ दिसतंय.

चूक आमची होती. पहिल्यापासून सगळं परत केलं, रंगीत, ४०० डीपीआय, टिफ फाइल, कॉम्प्रेशन नाही, म्हणजे फाइल दाबून छोटी केलेली नाही. एक पान पन्नास एमबी. तीनशे पानांची एक वही पंधरा जीबी, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं चार डीव्हीडी. अण्णांकडून एक पैसा जास्त घेतला नाही आणि त्यांनीही द्यायचा आग्रह वगैरे केला नाही, व्यापारी माणूस. पण त्या दिवसापासून पेठेत जो कुणी जुन्या वहीचं विचारेल त्याला ते आमच्याकडे पाठवत राहिले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका घरातली ऑर्डरची वही अशीच आली, कुणाला कुठल्या मापाची तार, भोपळा पंढरपूरकडचा कितीला घेतला, सगळं त्यात. घरात चालणाऱ्या धंद्याचे कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात, कारण ते ठेवायला कुठला कायदा सांगत नाही, आणि जिथं सांगतो तिथंही सहा-आठ वर्षं झाली की सीए म्हणतो, आता टाकलं तरी चालेल.

२०११ ते २०१६ बरं गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग तांत्रिक अहवालांचं काम निघालं. जिल्ह्यातल्या एका संस्थेकडे, नाव सांगत नाही, साठच्या दशकापासूनचे संशोधन अहवाल पडून होते. ऊस, हळद, माती, खतांच्या चाचण्या. सायक्लोस्टाइल केलेले, कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावरच्या कार्बन कॉप्या, आलेख रंगीत पेन्सिलीनं काढलेले. मी दोन दिवस तिथं बसून प्रत्येक प्रकारचा नमुना काढला, टेस्ट स्कॅन दिले, पानाला तीन रुपये सांगितले. टेंडर गेलं ऐंशी पैसेवाल्याला. बाहेरच्या शहरातली पार्टी, मोठं ऑफिस, एसी, गळ्यात आयकार्ड. माझे टेस्ट स्कॅन दाखवूनच त्यांनी 'असं काम पाहिजे' म्हणून रेट मागवले होते, हे मला नंतर कळलं.

आणि त्या पार्टीनं सांगलीतला सुपरवायझर म्हणून कुणाला घेतलं असेल? माझ्या पार्टनरला. त्याचं लग्न ठरलं होतं, पगार पक्का पाहिजे होता, मला समजत होतं. "तू पण ये" म्हणाला. मी नाही गेलो. ओव्हरहेड स्कॅनरचं कर्ज माझ्या एकट्याच्या डोक्यावर आलं. पाळणी त्याची होती, ती मात्र न मागता ठेवून गेला. आम्ही तीन वर्षं बोललो नाही. वाटणी कागदावर नव्हती, तोंडी होती. मित्रासोबत धंदा करणार असाल तर पहिल्या महिन्यात, प्रेम आहे तोवर, कागद करून घ्या.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना तारीख सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या गाळ्यात २००५ च्या पुराची खूण भिंतीवर खडूनं केलेली होती आणि त्या खुणेच्या दोन फूट वर मी रॅक ठोकले होते, शहाणपणानं. ह्या वेळचं पाणी २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त वर आलं. (अलमट्टीनं केलं की कोयनेनं ते तुम्ही भांडत बसा, माझे रॅक बुडाले एवढं मला माहीत.) आत अण्णांच्या दुसऱ्या लॉटच्या बावीस वह्या, एका फाउंड्रीचे कास्टिंगचे टेस्ट रिपोर्ट, चार हार्ड डिस्क, सर्व्हर, कॅमेरे.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तो वास अजून नाकात आहे. गुडघाभर गाळ. माझ्या बायकोनं पहिली वही उचलली, ती ओल्या लादीपावासारखी जड. ती उघडायला गेली आणि मी ओरडलो, उघडू नको! ओली वही उघडली की पान हातात येतं. आणि उन्हातही टाकायची नाही, सगळी पेठ रस्त्यावर वह्या वाळत घालत होती, मी ओरडून सांगत होतो, ऐकतंय कोण. उन्हात कागद वाकडा होतो, आतला ओलावा तसाच राहतो आणि दोन दिवसात बुरशी. खरं तर ओले कागद गोठवायचे असतात, उणे वीसच्या आसपास, म्हणजे वेळ थांबतो, मग सवडीनं थोडे थोडे काढून वाळवता येतात. पण सांगलीत लाइटच नव्हती. अण्णांनीच फोन फिरवले. तासगावच्या एका बेदाणेवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मिळाली. द्राक्षाचे प्लास्टिक क्रेट, त्यात मेणकापडात गुंडाळलेल्या वह्या, वर टेम्पोची ताडपत्री. तिथं चार डिग्री, गोठत नाही, पण बुरशी लांबली. आठवड्याला तीन वह्या बाहेर काढायच्या, पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा, पंखा लावायचा, न्यूजप्रिंट बदलायचा, परत घालायचा. दोन महिने घरात फक्त हेच.

आणि काय टिकलं माहितीये? सगळ्यात जुनं. काजळाची शाई हलली नाही, आठवडाभर पाण्यात राहून बोरूची रेघ जिथल्या तिथं. पन्नास-साठच्या दशकातली निळी फाउंटन पेनची शाई धुऊन गेली, आणि जिथं जिथं जांभळी कॉपिंग पेन्सिल वापरलेली तिथं पान जांभळं झालं. फाउंड्रीचे रिपोर्ट गुळगुळीत आर्ट पेपरवर होते, त्यांची वीट झाली. पान पानाला चिकटलं की ते सुटत नाही. ते गेले. फाउंड्रीच्या मालकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पाणी दिलं प्यायला.

डेटाचं सांगायचं तर दोन कॉप्या गाळ्यातच होत्या, एकाच कपाटात, वरच्या आणि खालच्या खणात. ह्याला बॅकअप म्हणत नाहीत हे मी आता सगळ्यांना सांगत फिरतो. वरचा मजला पण नको, दुसरं गाव पाहिजे, शक्यतो दुसरी नदी. तिसरी कॉपी बहिणीकडे कोथरूडला, दिवाळीला जाताना न्यायची म्हणून सुरू झालेली सवय. तेवढ्यावर धंदा वाचला. गाळातली डिस्क मात्र चालू करून बघायची नाही, किती बी मोह झाला तरी.

कोथरूडची डिस्क आणली आणि रात्रभर चेकसम चालवला. म्हणजे फाइल तयार झाली तेव्हाच तिच्यातल्या सगळ्या आकड्यांवरून एक लांबलचक नंबर काढून यादीत लिहून ठेवलेला असतो, एक ठिपका जरी बदलला तरी नंबर बदलतो. अण्णा शेजारी स्टुलावर बसलेले. मी समजावत होतो तर मध्येच म्हणाले, "अरे म्हणजे पानाखालची बेरीजच की ही." सकाळी अकरा फायली जुळल्या नाहीत, डिस्क म्हातारी झालेली. त्या अकरा पानांच्या मूळ वह्या तासगावला क्रेटमध्ये होत्या, वाळल्यावर परत पाळणीत घालून काढल्या. मूळ वही होती म्हणून.

आता त्या संस्थेचं. २०२१ मध्ये तिथनं फोन. अहवालांचे आकडे कुणीतरी तपासायला घेतले तर तक्त्यांच्या बेरजा जुळेनात. मी गेलो, फायली बघितल्या आणि पहिलं तेच बघितलं, ब्लॅक अँड व्हाईट. आलेखातली लाल आणि हिरवी रेघ, दोन्ही काळ्या, कुठलं खत कुठलं ते देवाला ठाऊक. पण आकड्यांचं त्याहून वाईट. फाइल छोटी करायला एक कॉम्प्रेशन वापरतात, ते पानावरची एकसारखी दिसणारी अक्षरं शोधतं, एकाचाच छाप ठेवतं आणि बाकी ठिकाणी तोच चिकटवतं. पुसट टाइपात इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतात, मग सहाच्या जागी व्यवस्थित, ठळक आठ बसतो. २०१३ मध्ये एका जर्मन संगणकवाल्यानं हे जगापुढे आणलं होतं, घराच्या नकाशात तीन खोल्या वेगवेगळ्या मापाच्या आणि स्कॅन केल्यावर तिन्हींवर १४.१३ चौरस मीटर. पुसट आकडा असला तर माणूस निदान डोळे बारीक करून बघतो हो, पण ठळक चुकीच्या आकड्यावर कोण शंका घेणार?

म्हटलं मूळ कागद काढा. साहेब गप्प. "डिजिटल झालंय म्हणून जागा मोकळी केली." रद्दी. टनावर.

तिथनं बाहेर पडलो आणि तीन वर्षांनी पार्टनरला फोन केला. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना कलर करा, रोज चार हजार पानांचं टार्गेट होतं रे." मग आम्ही दोघं मोटारसायकलवरनं फिरलो, जुने निवृत्त शास्त्रज्ञ, त्यांची घरं, माळे. कार्बन कॉप्या घरी न्यायची त्या पिढीला सवय होती, तेवढं एक नशीब. एका बाईंनी सासऱ्यांची ट्रंक उघडून दिली, आत कसर लागलेली, डांबरगोळ्यांचा वास, आणि एकोणतीस अहवाल. पातळ कागदामागे पांढरा कागद घालून काढायचे, नाहीतर मागच्या पानाचं दिसतं. प्रत्येक तक्त्याची बेरीज मारून मग पुढं. सगळे मिळाले नाहीत, निम्मे मिळाले.

पार्टनर आता परत आहे. ह्या वेळी कागद केलाय.

अण्णा अजून पाडव्याला नवी लाल वही पूजेला आणतात, नातू टॅलीवर काम करतो तरी, आणि पूजा झाली की पहिल्या पानावर आमचं स्कॅनिंगचं बिल स्वतः खर्ची टाकतात. आमच्याकडेही तशीच एक खतावणी आहे, कागदाची. तिच्यात त्या संस्थेच्या नावे ४१,३०० रुपये २०२१ पासून उभे आहेत. तीनदा बिल पाठवलं. शेवटच्या वेळी उत्तर आलं की मूळ बिलाची प्रत सापडत नाही, स्कॅन करून पाठवा.