ऐतिहासिक सिनेमा बघून घरी आल्यावर

मशालींचा उजेड, घोड्यांच्या टापा, नगाऱ्याचा घुमणारा आवाज. पुस्तकात वाचून जो काटा येत नाही, तो पडद्यावर बघून येतो. ही ओढ खरी आहे, म्हणूनच घरी आल्यावर साल, गाव आणि कागद या तीन गोष्टी तपासाव्यात.

आपल्या अहिल्याबाईंचंच घ्या. नवरा खंडेराव गेले १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. ही तेरा वर्षं दहा मिनिटांत उरकली, की सासऱ्यांच्या हाताखाली बाई कारभार शिकल्या हेच निसटतं. दुसरी चूक जागेची. इंदूरचा राजवाडा देखणा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्यामुळे दरबार तिथे मांडायचा मोह होतो. पण बाईंचा कारभार चालायचा महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये.

सगळ्यात जास्त खटकतं ते पत्र. दरबारी मराठी पत्रं मोडी लिपीत असत, शब्द न तोडता सलग लिहिलेली. पडद्यावर मात्र सुटसुटीत देवनागरी! खऱ्या पत्राच्या तारखेत आधी 'छ', पुढे चंद्राची तारीख, मुसलमानी महिना, आणि सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांतली वर्षगणना. हा सन जूनमध्ये मृगाला बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इथे चुकलं तर घटना अख्खं वर्ष सरकते. दागिन्यांवरून मात्र फार अडून बसू नये.