धोबी एक की दोन?

रविवारची दुपार. आडवं व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरची दोन मुलं. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या गळ्यात दुर्बीण, आणि ती कोणी किती वेळ वापरायची यावरून झालेलं भांडण दोघांच्याही चेहऱ्यावर.

"काका, खाली चला ना. पक्षी मोजायचेत. पंधराच मिनिटं."

फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या-परसातल्या पक्ष्यांची मोजणी चालते, तीच ही. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, २०१३पासून आपणही तीत आहोत. एका जागी निदान १५ मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी ओळखायचे, मोजायचे, लिहायचे. नियम सोपे आहेत. म्हणजे वाचायला.

खाली मागच्या हिरवळीवर आठ-दहा माणसं जमली होती. एरवी लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे बघत उभी राहणारी ही मंडळी एकमेकांचे दंड धरून "ते बघा, फांदीच्या डावीकडे, अहो तुमच्या नाही, माझ्या डावीकडे" करत होती. कबुतरं तेवढ्यात ४३ झाली होती. कबुतरांच्या बाबतीत मी जरा खुनशी आहे. पण त्यांना रोज पसापसाभर दाणे घालणाऱ्या काकू शेजारीच उभ्या होत्या, म्हणून आकडा ऐकून नुसता हुंकार दिला.

आणि टाकीचं पाणी झिरपतं त्या कोपऱ्यात धोबी उतरला.

पांढरा-करडा, छातीवर काळी चंद्रकोर, शेपटी एकसारखी वर-खाली. चार पावलं तुरुतुरु पळाला, एक चिलट टिपलं, पुन्हा शेपटी. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि येतो हिमालयातून नाहीतर त्याच्याही पलीकडून. पाऊस सरता सरता यायचं, उन्हाळा तापायच्या आत परत. त्याला आपले दाणे नकोत, किडेच हवेत. गेल्या वर्षी या हिरवळीवर औषध फवारायचा ठराव आला होता. तेव्हा मी बैठकीत धोब्याचं नाव काढलं, तर सेक्रेटरींना वाटलं, इस्त्रीवाल्याबद्दल बोलतोय.

तर तो पळत पळत गाड्यांच्या मागे गेला. मिनिटभरात भिंतीच्या पलीकडच्या टोकाकडून एक धोबी आला.

"दोन!" वहीवाला ओरडला.

"तोच आहे रे," दुर्बीणवाला.

यापुढे मी हिरवळीवर नव्हतोच.

आमच्या जुन्या घरामागे धुण्याचा दगड होता. थंडी पडली की धोबी तिथे हजर. आई कपडे आपटायची, तो शेपटी आपटायचा. त्याचं नाव आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. दादाचं म्हणणं, हे दोन आहेत. माझं म्हणणं, एकच आहे आणि तो घराला वळसा घालून येतो. नाताळची अख्खी सुट्टी यात गेली. शेवटी ठरलं की दादाने पुढच्या अंगणात बसायचं, मी दगडापाशी. धोबी दिसला की "आहे!" म्हणून ओरडायचं. दोघांचे आवाज एकदम आले तर दोन. आवाज एकदम येत. पण दादा माझं 'आहे' ऐकून मगच ओरडायचा, हा माझा संशय आजही कायम आहे. वडिलांनी एकदा वर्तमानपत्र खाली करून विचारलं, "कोर्टात जायचंय का?" एवढंच.

पुढे कळलं की इंग्लंडमधले लोक १९७९पासून जानेवारीत तासभर बागेतले पक्षी मोजतात आणि एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त किती, तेवढाच आकडा लिहितात. तीच चिमणी दहादा आली तरी एकच. म्हणजे आमची रीत शास्त्रशुद्ध होती. साक्षीदार तेवढा बेइमान.

त्याहून वाईट गोष्ट नंतर वाचनात आली. ऑक्सफर्डजवळच्या एका नदीकाठी तिथल्या धोब्यांवर अभ्यास झाला होता, १९८१ सालचा. हिवाळ्यात एकेक धोबी काठाचा आपापला तुकडा राखून असतो आणि पाण्याने काठावर आणलेले किडे टिपत फेऱ्या मारतो. दुसरा आला की हाकलतो. पण किडे मुबलक असले की तो एखाद्याला राहू देतो. खाण्यात वाटणी होते खरी, पण बाकीच्यांना हुसकायला दोन चोची होतात. टंचाई आली की या पोटभाडेकरूला बाहेरचा रस्ता. आता आमच्या दगडापाशी सांडपाणी, त्यावर माश्या, किडे. टंचाई कसली! म्हणजे पोटभाडेकरू असणं अगदीच शक्य होतं.

दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही.

"काका, काय लिहू? वेळ संपतोय."

सगळे माझ्याकडे बघत होते. वयामुळे असेल. काकू म्हणाल्या, "दोन लिही बाळा, आपल्याकडे दोन असले तर काय बिघडलं?" मी म्हटलं, एकत्र दिसले का? नाही ना? मग एक. वहीवाल्याने नाराजीने १ लिहिला, पुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि माझी नजर पडताच ते खोडलं.

रात्री दादाला फोन केला. गुडघे झाले, साखर झाली. मग मी म्हटलं, आज खाली धोबी आला होता.

"किती?"

"एक."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.

"नीट बघ," तो म्हणाला.