खालून बघा: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

नमस्कार. आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप कुडाळला एमआयडीसीत आहे, जनावरं न्यायच्या ट्रॉल्या आणि पिकअपवर बसवायच्या बॉड्या आम्ही बनवतो. दर आठवड्याला कोणी ना कोणी फोन करून विचारतं की टिकाऊ ट्रॉली कशी ओळखायची, गेज म्हणजे पत्र्याची जाडी किती घेऊ, पत्रा कुठला घेऊ. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून आमच्याकडे काय काय झालं तेच एकदा सगळं लिहून काढतो.

बाबांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण रुळावर येऊन थोडेच महिने झाले होते, म्हणजे 1998 साल. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, शेडच्या कैच्या, असली कामं. पण घर चाललं ते मासळीच्या गाड्यांवर. मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळीकडून टेम्पो यायचे, बर्फाचं पाणी मिठासकट फ्लोअरच्या कोपऱ्यात साचून पत्रा कुजलेला असायचा आणि आम्ही तो कापून नवा लावायचो. दादा आणि मी शाळेतून आल्यावर त्या कुजलेल्या पत्र्यांचे तुकडे गोळा करायचो. वरनं रंग चकाचक आणि खालनं हाताने तुटेल असा पत्रा, हे मी दहाव्या वर्षीच बघितलंय. तरीसुद्धा जनावरांची पहिली ट्रॉली बनवताना तेच विसरलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती ट्रॉली वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका काकांसाठी होती, म्हशी होत्या त्यांच्याकडे. तीन एमएमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा, खाली अँगलच्या पट्ट्या, पट्ट्यांना दर सहा इंचावर एक टाका वेल्डिंग, रेड ऑक्साइड, वर दोन हात ऑइल पेंट. दिसायला एक नंबर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर काकांचा फोन आला, लगेच ये. गेलो तर ट्रॉली गोठ्याच्या पुढ्यात उभी, म्हैस काढून बाजूला बांधलेली, मागच्या उजव्या पायाला हळद लावलेली. फ्लोअरमधनं तिचा पाय खाली गेला होता. नशीब की ट्रॉली उभी होती, चालू नव्हती. मी वर चढून भोक बघायला लागलो तर काका म्हणाले, "वयरसून काय बघतंस रे झिला, खाली वाकान बघ." खाली झोपलो. प्लेट मधे ठीक होती, पण जिथे जिथे अँगलवर टेकली होती तिथे दोन्ही बाजूनी पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की खपली पडायची. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत मूत आणि पाणी जाऊन बसायचं आणि वाळायचंच नाही, ना ऊन लागायचं ना वारा. वर मला फक्त रंग दिसत होता. "म्हस थंड व्हती म्हणान वाचली, नायतर पाय मोडलोच असतो," काका म्हणाले. मी म्हटलं, काकानू, फ्लोअर नवीन करून देतंय, पैसे घेऊचंय नाय. ते फ्लोअर आम्ही फुकट केलं आणि पुढचे सहा महिने दुसरी ट्रॉली बनवली नाही.

त्या सहा महिन्यात जुन्या ट्रॉल्या शोधून शोधून त्यांच्या खाली झोपलो, घाटावरच्या पण आणि इकडच्या पण. फरक डोळ्यांना दिसतो. घाटावरची दहा वर्षांची ट्रॉली चाक, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), हूक इथे झिजलेली असते, आपली पाच वर्षांची ट्रॉली सांध्यात कुजलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच, वर समुद्राचं मीठ, वर जनावराचं मूत. म्हणून जाड पत्रा मागणाऱ्याला मी आधी विचारतो की पाणी कुठून बाहेर जाणार ते दाखवा. पाच एमएम पत्र्यात पाणी साचलं तर तो पण जातोच, फक्त दोन वर्ष उशिरा.

तेव्हापासून आमच्या ट्रॉलीत खालच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, बंद चौकोनी पाइप नाही. पाइप दिसायला छान, वजनाला हलका, पण एका बारीक भोकातनं आत पाणी गेलं की तो आतनं सडतो आणि ज्या दिवशी मोडतो त्याच दिवशी कळतं. आम्ही सी चॅनेल घेतो, इंग्रजी सी सारखा एका बाजूने उघडा, तोंड बाजूला, म्हणजे होजपाइपने धुता येतो आणि चिखल अडकत नाही. वेल्डिंग टाके टाके नाही, सलग. वेळ लागतो, रॉड जास्त जातात, पत्रा तापून वाकतो म्हणून थोडं थोडं उलटसुलट करत जावं लागतं, पण फट राहत नाही. फ्लोअरला मागच्या बाजूला दीड इंच उतार आणि दोन्ही कोपऱ्यात पाणी जायला तोटी. एवढं जरी कोणी केलं तरी अर्धं काम झालं.

मग गॅल्वनायझिंग, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवणं. दुकानात जस्त चढवलेला जीआय पाइप मिळतो तो आणून वेल्डिंग केलं की झालं असं पुष्कळ जण समजतात, आम्ही पण समजायचो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. शिवाय तो धूर वाईट, दादाने एकदा पावसात शेड बंद करून दिवसभर जीआयवर काम केलं आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. हल्ली आम्ही आख्खी चासी काळ्या लोखंडात पूर्ण बनवतो, भोकं पाडून, ग्राइंडिंग करून, आणि मग घाटापलीकडे हॉट डिपला पाठवतो. तिथे साडेचारशे डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात ती आख्खी बुडवतात, म्हणजे सांधे, कोपरे, भोकांच्या कडा, सगळीकडे जस्त चढतं. वरच्या कठड्याला वगैरे पाइप असला तर त्याला दोन्ही टोकाला भोक हवंच, कारण बंद पाइपात ओलावा राहिला तर तिथे स्फोट होतो, हे प्लांटवाले पहिलं बघतात. पातळ पत्रा पाठवत नाही, वेडावाकडा होऊन येतो. भाडं धरून खर्च बऱ्यापैकी वाढतो आणि गिऱ्हाईक इथेच अडतं. मी जबरदस्ती करत नाही, पण समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत गोठा असेल तर रंगावर ट्रॉली द्यायला माझं मन होत नाही.

अमेरिकेतल्या रँचवरच्या ट्रेलरचे व्हिडिओ पण गिऱ्हाईकं पाठवतात, आख्खा अल्युमिनियमचा, लांबलचक, पिकअपच्या हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर अडकवायचा गूजनेक हूक. बघायला मला पण आवडतं. त्यांच्याकडे एकावेळी वीस-पंचवीस जनावरं लांब न्यायची असतात, सरळ रस्ते असतात. आपल्याला दोन म्हशी नाहीतर पंधरा शेळ्या करूळ नाहीतर आंबोली घाटातनं न्यायच्या. अल्युमिनियम गंजत नाही हे खरं, पण त्याला लोखंडी किंवा स्टेनलेसचा बोल्ट लावला आणि मधे खारं पाणी गेलं की बोल्टभोवतीचं अल्युमिनियम पांढरी पावडर होऊन सुटतं. साइडला अल्युमिनियम हवं तर आम्ही बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर आणि मधे रबर घालतो. त्यांच्याकडनं घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मधलं गेट. चढावर सगळी जनावरं मागे सरकतात आणि एकमेकांवर येतात, मधे गेट असलं की अर्धा भार पुढेच राहतो.

फ्लोअरला आता किंजळीच्या लाकडाच्या फळ्या टाकतो, वर रबर मॅट. जुने लोक काथ्याची चटई टाकायचे आणि ते अगदी बरोबर होतं, जनावरं नेण्याच्या 1978 च्या नियमांतच लिहिलंय की साध्या ट्रकमध्ये घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळी हवी. एका ट्रकात सहाच्या वर गुरं नकोत, सोबत माणूस हवा, गुरांसोबत दुसरा माल नको, तोंड शक्यतो इंजिनाकडे, हे पण त्यातच आहे. फळ्यांच्या मधे मोठी फट ठेवू नका, शेळीचा खूर अडकतो आणि म्हैस खालचा उजेड बघून चढतच नाही, तिला मारून काही उपयोग नसतो.

रॅम्पवर तर माझं कितीतरी वेळा भांडण झालंय. सगळ्यांना आखूड रॅम्प हवा, उचलायला हलका. टेंपल ग्रँडिन म्हणून अमेरिकेतल्या बाई आहेत, गुरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम केलेल्या, त्या रॅम्पला वीस ते पंचवीस अंशांच्या वर चढ नको म्हणतात आणि गुरांसाठी आडव्या पट्ट्या वीस सेंटीमीटरवर. अडीच फूट उंच फ्लोअरला वीस अंश म्हणजे रॅम्प सव्वासात फुटाच्या वर जातो. एवढा मोठा मागे लटकवता येत नाही, म्हणून आम्ही दोन घडीचा करतो, किंवा गिऱ्हाइकाला सांगतो की गोठ्यापाशी जांभ्याचा कट्टा बांधा, नाहीतर शेताच्या मेरेला (बांधाला) ट्रॉली मागं लावा, रॅम्प जवळजवळ सपाट येतो. चिऱ्याचा खर्च एकदाच.

शेळ्यांच्या ट्रॉल्या लॉकडाऊननंतर वाढल्या. मुंबईचे चाकरमानी गावी आले, बरेच जण राहिले, कोणी कोकण कन्याळ घेतल्या, काळ्या अंगाच्या, तोंडावर दोन्हीकडे पांढरा पट्टा असलेल्या, आपल्या सिंधुदुर्गातल्याच. मे 2021 ला तौक्ते वादळात आमच्या शेडचे पत्रे गेले, पंधरा दिवस लाइट नव्हती, जनरेटरवर वेल्डिंग केलं, पण ऑर्डरी थांबल्या नाहीत. याच लोकांना कागदपत्रांची माहिती सगळ्यात कमी होती. केंद्रीय मोटार वाहन नियम 125-ई प्रमाणे जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे लागतात, गाय-म्हशीला दोन चौरस मीटर, शेळीला 0.3 चौरस मीटर. नऊ बाय साडेपाच फुटाच्या पिकअपचे साडेचार चौरस मीटर धरा, त्यात दोन म्हशी नाहीतर पंधरा शेळ्या, सोळावी नाही. आरटीओचा वेगळा परवाना, जनावर प्रवासाला ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला, आणि ट्रॉली रस्त्यावर ओढायची तर तिची स्वतःची नोंदणी. "एवढं कोण बघतो" म्हणणाऱ्याला मी बॉडी देत नाही.

जुनी ट्रॉली घेणार असाल तर एक हातोडी आणि एक जॅक सोबत न्या. खाली झोपून प्रत्येक सांध्याजवळ हलकं ठोका, चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं थपथप. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि वर-खाली हलवा, खरखर किंवा ढिलाई असली तर बेअरिंग गेलेलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहून तडकतात, नक्षी बघून फसू नका. हेडलाइटच्या उजेडात बघायला बोलावणाऱ्याकडे दिवसा जा.

ट्रॉली तयार झाली की बाबा आजही, गुडघे दुखत असले तरी, आत चढतात आणि जुना सुती पंचा घेऊन आतल्या बाजूने सगळ्या कठड्यांवरनं, कड्यांवरनं, गेटच्या कडेवरनं फिरवतात. जिथे धागा अडकला तिथे खडूने फुली, आणि दादा ग्राइंडर घेऊन मागे. म्हशीच्या उंचीला एकदा, मग खाली बसून शेळीच्या उंचीला एकदा. पंचा पूर्ण फिरून आला की मग रंगाची तारीख सांगतो.

काकांची ती ट्रॉली नव्या फ्लोअरवर अजून चालू आहे. दर गणपतीनंतर ते ती घेऊन वर्कशॉपला येतात, चहा घ्यायच्या आधी गोणपाट अंथरतात, आणि आम्ही दोघं खाली झोपून एकदा सगळे सांधे ठोकून बघतो. या वर्षी मागच्या उजव्या पाट्याचा बोल्ट बदलला, बाकी सगळं टणटण वाजलं.