सासूबाईंची वही

सासूबाईंना अल्झायमर असल्याचं कळलं तेव्हा विसरभोळेपणाची मनाची तयारी झाली होती. पायपुसण्याला त्या घाबरतील, याची नव्हती. फिकट फरशीवरचं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं. डोळे तपासले तर ठीक. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ मेंदू लावतो, गडबड तिथे असते. पायपुसणं उचललं, बाथरूमला जाणं सुरळीत झालं.

तेव्हापासून वही ठेवली. चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, त्यांनी काय केलं, कशाने शांत झाल्या. दोन आठवड्यांत बरंच उलगडलं.

"मला घरी जायचंय" हे रोज साडेपाच ते सातच्या दरम्यान. "हेच तुमचं घर" म्हटलं की त्या चिडायच्या, कारण त्यांच्या लेखी घर म्हणजे माहेर. आता पाचलाच सगळे दिवे लावतो, म्हणजे सावल्या पडत नाहीत. दुपारची झोप अर्धा तास. चारनंतर चहा बंद (हे सगळ्यांत कठीण गेलं, शेवटी गवती चहाच्या काढ्यावर तडजोड झाली). तरी निघाल्याच, तर परसात कुठली झाडं होती ते विचारायचं आणि मेथीची जुडी पुढ्यात ठेवायची. ती मेथी नंतर पुन्हा निवडावी लागते, ते सोडा.

चोरीचा आळ कामाच्या ताईंवर यायचा. बांगड्या सासूबाई स्वतःच लपवतात, लपवल्याचं आठवत नाही, मग रिकाम्या डबीचं कारण मेंदू आपणच जुळवतो. वाद घालून उपयोग नाही. "चला, शोधू" म्हणायचं. जागा ठरलेल्या आहेत: तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागे. खरं सोनं लॉकरमध्ये गेलं, हातात एक ग्रॅमच्या बांगड्या आल्या. ताईंनाही हे आधीच समजावून सांगितलं.

चूक झाली ती एका आठवड्यात. दोन दिवसांत सगळं बदललं: रात्रभर पदर चाचपणं, भिंतीवर मुंग्या दिसणं, दिवसा गुंगी. ताप नव्हता, म्हणून आजार वाढला असं धरून चाललो. निघाला लघवीचा संसर्ग. म्हातारपणी संसर्गात ताप येतोच असं नाही. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. तासा-दिवसांत माणूस बदललं तर कारण दुसरं शोधायचं. लघवी, छाती, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवं औषध. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही गोंधळ वाढवतं, म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणत नाही.

रुग्णाला सुरुवातीपासूनच घरात नसलेली माणसं, मुलं दिसत असतील आणि चालही ताठरली असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. तो लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा अल्झायमरहून वेगळा प्रकार) असू शकतो, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखं शांत करणारं औषध जिवावर बेतू शकतं.

कपाटाच्या आरशातल्या बाईशी सासूबाई रोज गप्पा मारतात. भीत नाहीत, म्हणून आरसा झाकलेला नाही. भ्यायला लागल्या तर पडदा शिवून ठेवलाय.