कॅरो-कानची नोंद: एच५चं प्यादं आणि एफ५चा घोडा

भाची आता १३ वर्षांखालील गटात खेळते. रविवारी नागपुरातल्या बुद्धिबळ स्पर्धेत तिच्याकडे काळी मोहरी होती. तिने कॅरो-कान बचाव (ई४ला सी६ने उत्तर देणारी सुरुवात) खेळला, आणि समोरच्या मुलीने थेट ताल प्रकार (त्यातली ४. एच४ ही चाल) काढला: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५ ४. एच४. १९६१च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तालने बोट्विनिकविरुद्ध हीच चाल खेळली होती.

इथे सवयीने ४...ई६ (टिंबं म्हणजे काळ्याची चाल) केलं की उंट गेलाच. ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, आणि उंटाला घर उरत नाही. भाचीने ४...एच५ केलं. पुढे ५. उंट डी३ उंट×डी३ ६. वजीर×डी३ ई६ ७. उंट जी५ वजीर बी६ ८. घोडा डी२ सी५ ९. सी३ घोडा सी६ १०. घोडा जीएफ३ सी×डी४ ११. सी×डी४ घोडा जीई७.

पांढऱ्याची ५वी चाल मला पटली नाही. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी काळ्या घरांत अडकलेली, म्हणजे चांगला उंट तोच, पांढऱ्या घरांतला. तोच देऊन टाकला. उरलेला जी५वर रुबाबात बसला खरा, पण स्वतःच्याच प्याद्यांमुळे त्याला काम नाही. काळ्याचं उलट: ई६-डी५च्या साखळीत जो उंट कोंडला असता, तोच पटावरून गेला.

बी२चं प्यादं उघडं होतं. मुलं असं प्यादं सोडत नाहीत, आणि मग वजीर कोपऱ्यात फिरत राहतो. हिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. १२. किल्लेकोट घोडा एफ५! एरवी पांढरा जी४ करून हा घोडा हुसकावतो. इथे एच५चं प्यादं ते होऊच देत नाही. डी४वर दोन घोडे आणि वजीर असा तिहेरी दाब आला. १३. घोडा बी३ ए५ १४. ए४ घोडा बी४. ए४मुळे बी४चं घर कायमचं मोकळं झालं, हे तिने आपणहून हेरलं. डाव संपल्यावर ती ते मला बोट ठेवून दाखवत होती, तेव्हा फार बरं वाटलं.

पुढे सी-पट्टीवर (सी अक्षराच्या उभ्या रांगेत) हत्ती आणून डाव जिंकला. त्यात विशेष काही नव्हतं.

आता अभ्यास पांढऱ्याच्या ५. सी४चा. ४...एच५नंतर तीच धारदार चाल वाटते, आणि वरच्या पटांवर (जास्त तगड्या खेळाडूंसमोर) तीच समोर येणार. केंद्र उघडलं की एच५ची तीच ढाल ओझं होऊ शकते, म्हणून घोडे कधी बाहेर काढायचे याचा क्रम आधी बसवतोय.